इसार, विसार की बयाणा?

विद्यार्थिनी, परभणी: करार कायद्याचे निकाल वाचून मराठीत टिपणं काढते. फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास (१९६३) इथं अडले. दिल्लीतला बंगला १,१२,५०० रुपयांना ठरला. घेणाऱ्यानं आधी १,००० आणि ताबा मिळताना २४,००० दिले. व्यवहार फिसकटला. सर्वोच्च न्यायालयानं विकणाऱ्याला १,००० ठेवू दिले, २४,००० जप्त करू दिले नाहीत. हजाराला, म्हणजे सौदा पक्का करायला दिलेल्या रकमेला, मी ‘विसार’ लिहिलं, मैत्रिणीनं खोडून ‘इसार’ केलं. आणि २४,००० ला काय म्हणू?

दस्तलेखक, लातूर: विसारच. इकडं सगळे विसार पावतीच म्हणायलेत. मैत्रिणीला सांगा, खोडू नका.

वकील, नांदेड: आजोबांचे निजामकाळचे उर्दू कागद आहेत, त्यात ‘बयाना’. अरबीत बै म्हणजे विक्री, त्यावरून फारसी बयाना. बांधकाम खात्याच्या निविदेत आजही ‘बयाणा रक्कम’ असते.

निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई: निजाम गेला, त्याचे शब्द कशाला ठेवायचे? माझं तर मत ‘करार’ही नको, ‘संविदा’ म्हणा.

दस्तलेखक, लातूर: गुरुजी, माझ्या पक्षकाराला संविदा कळत नाही आणि अंगठा त्यालाच द्यायचाय. वकील, दस्त, करार हे सगळे तिकडूनच आले. काढायचे तर सगळेच काढावे लागतील.

निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई: कळत नाही कारण आपण वापरत नाही. वापरल्याशिवाय शब्द रुळेल कसा?

वकील, नांदेड: ताई, शब्द कोणताही घ्या, फरक धरून ठेवा. विसार सौदा पक्का करतो, व्यवहार पुरा झाला की किमतीत वळता होतो, घेणाऱ्याच्या चुकीनं मोडला तर बुडतो. श्री हनुमान कॉटन मिल्स विरुद्ध टाटा एअरक्राफ्ट (१९६९) वाचा. तिथं २५,००० रुपये गेले, कारण ते विसाराचेच ठरले. तुमचे २४,००० किमतीपोटी आगाऊ दिलेले, म्हणून करार कायद्याच्या कलम ७४ खाली फक्त वाजवी भरपाई.

कार्यकर्ता, बीड: आगाऊ म्हणजे आमच्या ऊसतोडीतली ‘उचल’ की!

वकील, नांदेड: नाही दादा. उचल मजुरीपोटी.

कार्यकर्ता, बीड: पैसे आधी, माल नंतर. इथं माल म्हणजे माणसाचे हात. कोयत्यामागं, म्हणजे तोडणाऱ्या जोडीमागं, उचल ठरते, तोडलेल्या टनावर फिटते, न फिटलेली पुढच्या हंगामावर चढते. निकालातल्या बंगल्यापेक्षा मला हा सौदा महत्त्वाचा वाटतो.

विद्यार्थिनी, परभणी: मग टिपणात इसार ठेवू की विसार?

दस्तलेखक, लातूर: दादा, मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या कागदावर ‘उचल’ असंच लिहितात का?

कार्यकर्ता, बीड: मी वाचलेल्या कागदांवर ‘हातउसने’ होतं. उचल लिहिली तर कामाशी नातं दिसतं, हातउसने लिहिलं की नुसतं कर्ज.

वकील, नांदेड: म्हणजे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यातून निसटायची वाट. तो कागद बघायला मिळेल का?