प्रवेशद्वाराजवळ तुंबणारे पाणी आणि पर्जन्य बागेचा प्रस्ताव : ग्रुपवरील चर्चा

सचिव :
सर्व सभासदांना नमस्कार. मुख्य प्रवेशद्वारापाशी प्रत्येक मोठ्या पावसात साचणाऱ्या पाण्याबाबत कार्यकारिणीपुढे दोन प्रस्ताव आले आहेत. पावसाळी गटाराचा सध्याचा पाइप काढून मोठ्या व्यासाचा पाइप टाकावा, हा पहिला. आणि बी इमारतीसमोरच्या पट्ट्यात व आतील रस्त्याच्या कडेने पर्जन्य बागा, म्हणजे रेन गार्डन, करून पाणी जागीच मुरवावे, हा दुसरा. सर्वसाधारण सभेत वेळ कमी पडतो, त्यामुळे शंका इथेच सविस्तर मांडाव्यात. सुप्रभात संदेश आणि फॉरवर्ड या चर्चेच्या मध्ये टाकू नयेत, ही विनंती.

बी-५०४ :
दुसरा प्रस्ताव माझा असल्यामुळे आधी हिशेब देतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. प्रवेशद्वाराकडे उतार असलेला आपला पेव्हर ब्लॉकचा भाग नकाशावर सुमारे ६०० चौरस मीटर भरतो. म्हणजे २५ मिलिमीटरच्या एका सरीत तिथे १५,००० लिटर पाणी पडते, आणि त्यातले दहा टक्के सांध्यांत जिरले असे धरले तरी साडेतेरा हजार लिटर पाणी एकाच जाळीवर येऊन आदळते. पाइप मोठा केला तर ते इथून लवकर निघून जाईल हे खरे. पण ते जाणार बाहेरच्या रस्त्यावरील गटारात, आणि ते गटार तुडुंब असताना आपला पाइप कितीही रुंद असला तरी त्यातून पाणी उलटेच येणार.

पर्जन्य बाग ही आजूबाजूच्या जमिनीपेक्षा मुद्दाम खोलगट ठेवलेली जागा असते. वर १५ ते २० सेंटिमीटर पाणी उभे राहील एवढी पोकळी, तिच्याखाली वाळू, कंपोस्ट आणि माती यांचे मोकळे मिश्रण, आणि गरज पडल्यास तळाशी खडीत बसवलेला छिद्रांचा पाइप, अशी तिची रचना असते. कडेचा कर्बस्टोन ठरावीक ठिकाणी कापून रस्त्याचे पाणी आत घेतात आणि पोकळी भरल्यावर जादा पाणी गटारात जावे म्हणून आत उंच तोंडाचे चेंबर ठेवतात. रस्त्याच्या कडेने असे खळगे ओळीने केले की त्याला ग्रीन स्ट्रीट म्हणतात. ५० चौरस मीटरच्या बागेत २० सेंटिमीटर खोलीला १०,००० लिटर पाणी मावते, आणि खालची माती तासाला २५ मिलिमीटर पाणी पीत असेल तर भरलेली बाग आठ तासांत रिकामी होते.

सी-३०१ :
हिशेब समजला, परंतु डबकी बुजवा अशी सूचना आपण दर वर्षी प्रत्येक जिन्यात लावतो आणि आता स्वतःच्या खर्चाने डबके तयार करायला निघालो आहोत, हे मला पटत नाही. डासांची जबाबदारी कोण घेणार?

बी-५०४ :
ताई, शंका अगदी रास्त आहे. डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा लागतो. बागेची आखणी मात्र २४, फार तर ४८ तासांत पाणी उतरून जाईल अशीच करायची असते, आणि ते उतरत नसेल तर ती बाग फसली असे समजून दुरुस्त करायची. तिथे पाणी उभे आहे पण चालेल, असा युक्तिवाद मी कधीही करणार नाही.

किंबहुना या विषयातले सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण फसलेल्या बागांचेच आहे. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराने २००१ मध्ये सेकंड अ‍ॅव्हेन्यू नॉर्थवेस्ट या रस्त्याच्या एका टप्प्यावर डांबरी पट्टा अरुंद केला, त्याला वळणे दिली आणि कडेने झाडांचे खळगे केले. पुढील मोजणीत त्या रस्त्यावरून बाहेर वाहणारे पाणी जवळपास बंद झाल्याचे दिसले. त्याच शहराने २०१० मध्ये बॅलार्ड भागात रस्त्याकडेच्या पर्जन्य बागा केल्या, तेव्हा त्यांतल्या अनेक बागांत पाणी मुरेचना. घरांसमोर पाणी साचून राहिले, रहिवासी संतापले, आणि शेवटी काही बागा बुजवाव्या लागल्या, तर काहींच्या तळाशी निचऱ्याचे पाइप टाकावे लागले. शहर एकच, कल्पना एकच, फरक जमिनीचा. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की सभेत हात वर करण्याआधी बी इमारतीसमोरच्या मातीचे मत घ्यावे.

ए-१०२ :
मी तळमजल्यावर राहतो, त्यामुळे माझा प्रश्न सरळ आहे. आमच्या भिंतींना आधीच ओल येते. खिडकीखालीच पाणी मुरवले तर ते इमारतीच्या पायात जाणार नाही कशावरून? आणि पिण्याच्या पाण्याची भूमिगत टाकीही त्याच बाजूला आहे, हे कोणाच्या लक्षात आहे का?

बी-५०४ :
काका, टाकीची आठवण केलीत हे फार चांगले झाले, कारण प्रस्तावासोबतच्या नकाशात ती दाखवलेली नाही. बाग इमारतीच्या पायापासून किमान तीन मीटर दूर असावी आणि जमिनीचा उतार भिंतीकडून बागेकडे असावा, हा साधारणपणे पाळला जाणारा नियम आहे. टाकीच्या बाबतीत मी याहून जास्त अंतर ठेवीन, कारण जुन्या टाकीच्या भिंतीला बारीक तडा असेल तर बाहेरचे पाणी आत शिरू शकते. जमीन चिकणमातीची असेल तर आणखी सावध राहावे लागते. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते, आणि हा खेळ पायाजवळ चालू देणे योग्य नाही. ए इमारतीजवळ बाग नकोच, असे मी आजच सांगून ठेवतो. सी इमारतीसमोरचा चौक तळघरातील पार्किंगच्या स्लॅबवर आहे, तिथे तर मुरायला जमीनच नाही. राहतो तो बी इमारतीसमोरचा पट्टा आणि कंपाउंडलगतचा रस्ता.

बी-७०१ :
त्या पट्ट्याच्या कडेला आमच्या गाड्या उभ्या असतात. पाण्याची सोय करताना पार्किंगची गैरसोय होणार असेल तर आधी स्पष्ट सांगावे.

बी-५०४ :
काही जागा जाईल, हे लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेतीलच पोर्टलंड शहरात २००३ मध्ये नॉर्थईस्ट सिस्कियू स्ट्रीटवर नेमके असेच केले गेले. अस्तित्वात असलेल्या रस्त्यावर, गटाराच्या जाळीच्या अलीकडे, कडेच्या पार्किंगच्या पट्टीचा थोडा तुकडा दोन्ही बाजूंनी खोदून तिथे झाडांचे खळगे केले आणि उतारावर पाणी पळून जाऊ नये म्हणून आत छोटे आडवे बांध घातले. सगळा रस्ता उकरावा लागला नाही. यात जागेची निवडच मोलाची आहे, कारण पाणी जाळीत पडण्याच्या अगदी आधी अडवले की थोड्या जागेत बरेच काम होते. आपल्याकडे जाळीच्या वरच्या बाजूला गाडी वळवायची म्हणून जो त्रिकोण पिवळे पट्टे मारून रिकामा ठेवला आहे, तिथे पहिला तुकडा बसतो का, ते पाहावे. (तो त्रिकोण प्रत्यक्षात रिकामा असतो का, हा वेगळा विषय, आणि त्यावर या ग्रुपवर पुरेसे लिहून झाले आहे.)

डी-४०२ :
एवढा खटाटोप करण्यापेक्षा पार्किंगचे पाणी थेट बोअरवेलमध्ये सोडले तर भूजलही वाढेल आणि बागेची देखभालही वाचेल. गच्चीचे पाणी आपण तसेच सोडतोच की.

बी-५०४ :
कृपया हे मुळीच करू नये. गच्चीचे पाणी पहिल्या सरी वाहून गेल्यावर तुलनेने स्वच्छ असते आणि गाळणीतून जाते. पार्किंगच्या पाण्यात मात्र इंजिनचे तेल, ब्रेकची भुकटी आणि टायरची झीज असते. ही झीज किती घातक ठरू शकते, हे २०२० मध्ये उघड झाले. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील ओढ्यांत पाऊस पडला की कोहो सामन मासे अंडी घालण्यापूर्वीच का मरतात, याचा शोध घेताना टायरमधील एका रसायनापासून तयार होणारा ‘६पीपीडी-क्विनोन’ हा पदार्थ सापडला. त्याआधीच तेथील संशोधकांनी रस्त्यावरचे तेच पाणी वाळू व कंपोस्टच्या मिश्रणातून गाळून पाहिले होते, आणि गाळलेल्या पाण्यात मासे जगले होते. मातीचा थर हे गाळण्याचे काम करतो. बोअरवेलमध्ये सोडलेले पाणी तो थर ओलांडून थेट खाली जाते. भूजल एकदा बिघडले की आपल्याच नव्हे, शेजारच्यांच्या हातातलाही उपाय संपतो.

बी-२०३ :
झाडांविषयी थोडे लिहिते. खळग्यात चार तास गुडघाभर नसले तरी घोट्याच्या वर पाणी आणि नंतर कित्येक महिने कोरडेपणा, असे दोन्ही सोसणारी झाडे लागतात. तळाला वाळा आणि कर्दळ, कडेच्या उतारावर कमी पाणी लागणारी झुडपे, असे मी सुचवीन. वाळ्याची मुळे सरळ खोल जातात आणि माती धरूनही ठेवतात. कृपया तिथे लॉन नको, आणि कोणी उत्साहाने आपल्या घरची जास्त झालेली शोभेची रोपे आणून लावू नयेत. रोपे रुजेपर्यंत पहिल्या वर्षी कोरड्या दिवसांत पाणी घालावे लागेल, हेही माळीदादांच्या कामात आधीच धरावे.

खजिनदार :
माझा प्रश्न नेहमीचाच. पाइप एकदा टाकला की निदान डोळ्यांसमोरून जातो. बाग दर वर्षी खर्च मागणार. नेमके काय करावे लागेल आणि ते केले नाही तर काय होईल, एवढेच सांगावे.

बी-५०४ :
साहेब, सर्वांत मोठा शत्रू गाळ आहे. पाणी जिथून आत येते त्या कर्बच्या कापाशी पाला, प्लास्टिक आणि बारीक रेती अडकून दोन-तीन बोटांचा उंबरा तयार होतो, आणि मग पाणी बागेला बगल देऊन सरळ जाळीकडे निघून जाते; बाग कोरडी, रस्ता जलमय. म्हणून आत येणाऱ्या पाण्यासमोर दगड बसवलेला एक छोटा कप्पा ठेवायचा, म्हणजे गाळ तिथेच पडेल आणि फावड्याने काढता येईल. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि मोठ्या पावसानंतर दर वेळी तो साफ करणे, तण काढणे, आणि वरचा पालापाचोळ्याचा थर बसला की नवा घालणे, एवढे काम आहे. हे केले नाही तर मातीवर गाळाची साय धरते आणि मुरणे थांबते. तसेच कोणाच्याही घराचे नूतनीकरण चालू असताना रेतीचा ढीग बागेच्या वरच्या अंगाला टाकू द्यायचा नाही. हा नियम ठरावातच घालावा, अन्यथा पहिल्याच पावसाळ्यात बाग जाईल.

मोठा पाइप देखभाल मागत नाही असे वाटते ते केवळ तो दिसत नाही म्हणून. सध्याच्या पाइपात किती गाळ आहे, हे चेंबर उघडून कोणी पाहिले आहे का?

सी-३०१ :
हे सगळे ऐकून विरोध थोडा मावळला आहे. तरीही ढगफुटीसारखा पाऊस झाला तर ही बाग काय करणार, याचे प्रामाणिक उत्तर हवे.

बी-५०४ :
थोडेच करेल. तीन तासांत १०० मिलिमीटर पाऊस पडला तर आपल्या फरसबंदीवरून ५४,००० लिटर येईल आणि बागेवर पडेल ते निराळे. त्यातले जेमतेम पाव हिस्सा पाणी बाग सामावून घेईल, बाकीचे चेंबरमधून गटारातच जाईल. डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ रोजी असाच पाऊस होऊन शहर पाण्याखाली गेले, तेव्हा २०१२ च्या आराखड्यात त्यांनी झाडांच्या खळग्यांवर सगळी भिस्त ठेवली नाही. मोठ्या पावसात कोणत्या रस्त्यावरून पाणी वाहू द्यायचे आणि कोणत्या उद्यानात ते तात्पुरते भरू द्यायचे, हे त्यांनी आधीच ठरवले. आपल्यालाही जादा पाण्याची वाट आखावीच लागेल. बाग करायची ती नेहमीच्या सरींसाठी, कारण आपली गैरसोय वर्षातून अनेकदा त्याच करतात.

या नेहमीच्या सरींबाबत एक चांगली मोजणी उपलब्ध आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील बर्न्सव्हिल येथे एकाच तलावाकडे पाणी नेणाऱ्या दोन सारख्या वस्त्यांपैकी एकीत १७ पर्जन्य बागा केल्या आणि दुसरी तशीच ठेवली. बागांच्या वस्तीतून वाहून येणारे पाणी सुमारे ९० टक्क्यांनी घटले. तिथली जमीन पाणी मुरवणारी होती. म्हणजे आपण पुन्हा मातीपाशीच आलो.

सचिव :
मग मातीची चाचणी कशी करायची, तेवढे लिहावे. कार्यकारिणी ती सभेपूर्वी करून घेईल.

बी-५०४ :
बागेचा तळ जिथे येणार तिथपर्यंत, म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटर, आधी खणावे आणि त्या तळाशी आणखी ३० सेंटिमीटरचा छोटा खड्डा घ्यावा. वरची माती तपासून उपयोग नाही. बांधकामाच्या वेळी यंत्रे फिरून घट्ट झालेला थर आणि टाकलेला भराव बहुधा खालीच असतो. खड्ड्याच्या कडा फावड्याने गुळगुळीत झाल्या असतील तर त्या खरवडून घ्याव्यात. मग पाणी भरावे, ते उतरू द्यावे, आणि लगेच पुन्हा भरावे. पहिल्या खेपेचा आकडा धरू नये, कारण तहानलेली माती सुरुवातीला भराभर पाणी ओढते आणि आपली फसगत होते. आत उभी पट्टी रोवून दर अर्ध्या तासाने पातळी लिहावी आणि शेवटच्या खेपेचा वेग घ्यावा. आखणी करताना त्याचाही निम्माच धरावा, कारण पुढे गाळाने तो कमी होणारच. हा निम्मा आकडा तासाला १२-१३ मिलिमीटरपेक्षा कमी भरला तर तळाचा पाइप घालूनच बाग करावी, आणि पाणी जवळजवळ हललेच नाही तर मी स्वतः प्रस्ताव मागे घेईन.

ए-१०२ :
खणताना मी उपस्थित राहीन. त्या पट्ट्याखालून विजेची केबल गेली आहे. ती टाकली तेव्हा मी पाहिली होती, त्यामुळे जागा दाखवू शकतो.

सचिव :
धन्यवाद, काका. केबलची जागा खुणावल्याशिवाय कोणीही कुदळ चालवणार नाही. बी इमारतीसमोर दोन ठिकाणी आणि कंपाउंडलगत एका ठिकाणी चाचणी होईल. बी-५०४ यांनी विचारल्याप्रमाणे त्याच दिवशी जुन्या पावसाळी गटाराची सर्व चेंबरे उघडून आतल्या गाळाची छायाचित्रे घेतली जातील. मोठ्या पाइपचा प्रस्ताव तोपर्यंत मतदानाला ठेवलेला नाही. बी-७०१ यांनी पिवळ्या त्रिकोणाची मापे घेऊन इथे टाकावीत, म्हणजे किती गाड्यांच्या वळण्याला अडचण येते ते सभेत नेमके सांगता येईल.

बी-७०१ :
मापे घेतो. मात्र तिथे कायमची उभी असलेली दुचाकी कोणाची, ते आधी कळवावे.