जिवंत गोब्रा: होडीवरचं माप आणि टाकीवरचं माप जुळत नाही

नोंदवही
प्रवाळावर पकडलेले गोब्रे (हेकरूसारखे मोठ्या तोंडाचे मासे) जिवंतच व्यापाऱ्याकडे जातात. होडीवर लांबी टेपने घेतो आणि वजन जाळीच्या पिशवीत घालून ताणकाट्यावर. दोन दिवसांनी टाकीपाशी पुन्हा मोजणी होते. टॅग तोच, मासा तोच, पण लांबीत सेंटिमीटरभर आणि वजनात ५० ते १०० ग्रॅमचा फरक पडतो. कुठलं माप धरायचं?

फळीवाला
आधी टेप बाजूला ठेवा. टेप पोटाच्या फुगवट्यावरून जाते, त्यामुळे मासा जितका जाडजूड तितकी लांबी वाढून येते. एका टोकाला उभी आडफळी आणि तळाला पट्टी बसवलेली मोजफळी घ्या. ती ओली करा, मासा आडवा ठेवा, तोंड मिटवा आणि थोबाड आडफळीला हलकेच टेकवा. दाबलं तर जबडा आत जातो आणि काही मिलिमीटर तिथेच कमी होतात. तोंड उघडं राहिलं तर माप वाढतं.

शेपटीचा पर गोल असेल तर एकूण लांबी घ्या, म्हणजे पराच्या टोकापर्यंत. पर आत वळलेला किंवा दुभंगलेला असेल तर खाचेपर्यंतची लांबी बरी. पिंजऱ्यात राहिलेल्या माशांची शेपटी झिजते, कधी दुसरे मासे कुरतडतात. अशा वेळी एकूण लांबीवर विसंबू नका, प्रमाण लांबी घ्या. शेपटी हलकेच बाजूला वळवली की देठावर एक घडी उमटते. वरच्या जबड्याच्या टोकापासून त्या घडीपर्यंत मोजायचं. गोब्र्याचा खालचा जबडा पुढे आलेला असतो. एकूण लांबी त्याच्या टोकापासून असते, प्रमाण लांबी नाही. ही गफलत फार होते.

कोणती लांबी घेतली ते वहीत दरवेळी लिहा. नुसतं ‘४२’ लिहिलेलं नंतर कोणाच्याच कामाचं नसतं.

काटाशून्य
वजनाबद्दल. होडी डुलत असताना ताणकाट्याची सुई झोके खाते, आणि ओल्या जाळीतलं पाणीही मोजलं जातं. शिवाय ५० किलोच्या काट्यावर एक भाग २०० ग्रॅमचा असेल, तर ७०० ग्रॅमचा मासा त्यावर मोजण्यात अर्थच नाही. होडीवर फक्त लांबी घ्या, वजन किनाऱ्यावर करा.

सपाट काट्यावर अर्धी भरलेली बादली ठेवून काटा शून्य करा. मासा ओल्या झोळीतून उचला, पाणी निथळू द्या, झोळी न बुडवता बादलीत सोडा आणि आकडा स्थिर होताच वाचा. मासा काढल्यावर काटा शून्याच्या जवळ यायला हवा. २० ग्रॅमपेक्षा जास्त फरक दिसला तर पाणी उडालंय किंवा माशाबरोबर बाहेर गेलंय, पुन्हा करा. रोज सुरुवातीला एक किलोचं प्रमाणित वजन ठेवून काटा तपासा. कल्ल्याला हूक अडकवून जिवंत मासा लटकवणं तर नकोच. इजा होते आणि मग वजन बरोबर आलं तरी माल गेला.

दोन दिवसांतली घट मात्र खरीही असू शकते. वाहतुकीआधी मासा उपाशी ठेवतात, आतडं रिकामं होतं. ताज्या पकडीच्या पोटात नुकतंच गिळलेलं भक्ष्यही असतं. म्हणून दोन्ही वजनांपुढे वेळ आणि उपाशी की नाही, हे लिहा. वादाचा निम्मा भाग तिथेच मिटतो.

नोंदवही
मग लांबीवरून वजन काढलं तर?

फळीवाला
अंदाजाला चालेल. वजन साधारण लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून लांबीतली चूक वजनात जवळपास तिप्पट होऊन येते. ४० सेंमीच्या माशात १ सेंमी चुकलं, म्हणजे २.५ टक्के, तर वजनात सुमारे ८ टक्के. सूत्राचे आकडे त्याच जातीचे आणि त्याच प्रकारच्या लांबीचे हवेत. एकूण लांबीसाठी काढलेल्या सूत्रात प्रमाण लांबी घातली की माशाचं वजन कागदावर बरंच घटतं. बिलासाठी काटाच.

परवानाघर
किमान आकाराचा नियम असेल तर उलटं: तिथे वजनावरून लांबी काढू नका. नियमात कोणती लांबी म्हटली आहे ते पाहा आणि वाचन खालच्या पूर्ण मिलिमीटरला धरा, वर नाही. नेपोलियन रास हा प्रवाळावरचा मोठा मासा २००४ साली साइट्सच्या (धोक्यातल्या जीवजातींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आला, त्याच्या निर्यातीला परवाना लागतो. परवान्यावर वजन लिहायचं असेल तर ते जिवंत माशाचं आहे की आतडी काढलेल्या, हेही नोंदवा. आतडी आणि कल्ले काढल्यावरचा आकडा जिवंत वजन म्हणून खपवला तर माल तपासताना लगेच उघडं पडतं.