इंदूरचा राजवाडा चौक : गाड्याही हटवा, गाडेही हटवा?

दगडविटा
राजवाड्यासमोर उभं राहून राजवाडा धड पाहता आलाय का कुणाला? सात मजली प्रवेशद्वार, खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, झरोके, सज्जे. आणि समोर ई-रिक्षा, पिशव्या लटकवलेल्या स्कूटर, मोबाइलची कव्हरं विकणारे गाडे. मधल्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे, पण तिथवर रस्ता ओलांडून जाणं हीच कसरत.

माझं म्हणणं सरळ आहे. चौक कायमचा वाहनमुक्त करा आणि गाडे, फेरीवाले, सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली, सगळं दुसरीकडे हलवा. मल्हारराव होळकरांनी १७४७ च्या सुमारास बांधायला घेतलेली ही वास्तू तीनदा आगीत सापडली आहे. चौथ्या आगीची वाट बघायची का?

खजुरीबाजारवाला
अरे भिया, हा चौक रिकामा होता कधी? राजवाडा आला म्हणून तर बाजार आला. सराफा, बजाजखाना, मारोठिया, आमचा पुस्तकांचा खजुरी बाजार, सगळे राजवाड्याला खेटून बसलेत ते उगाच नाही. दरबार होता, म्हणून गिऱ्हाईक होतं. दरबार गेला, गिऱ्हाईक राहिलं.

आणि सराफा हलवणार म्हणजे काय करणार? दिवसा सोन्या-चांदीची दुकानं, रात्री शटर पडलं की त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, खोपरा पॅटिस, ताटलीएवढा जलेबा. हिवाळ्यात गराडू म्हणजे तळलेला कंद, वर जीरावन मसाला. जुने लोक सांगतात, रात्रभर माणसांची वर्दळ राहिली की दुकानांची राखण आपोआप होते. हे सगळं बायपासच्या एखाद्या फूड कोर्टात नेऊन ठेवलं तर त्याला सराफा कोण म्हणेल?

नर्मदाकाठ
आगीचा मुद्दा निघालाच आहे म्हणून. १८०१ मध्ये शिंद्यांच्या बाजूने सर्जेराव घाटगे इंदुरात घुसला, शहर लुटलं आणि वाडा जाळला. यशवंतराव होळकरांनी उज्जैन लुटल्याचा तो सूड होता. नंतर होळकरांचे दिवाण तात्या जोग यांच्या कारभारात वाडा पुन्हा उभा राहिला. १८३४ मध्ये परत आग लागली. १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या दंगलीत मागचा भाग जळाला. पहिली आग फौजेने लावली, शेवटची दंगलखोरांनी. खाऊगल्लीवर खापर फोडायला इतिहासाचा आधार घेऊ नका.

आणखी एक. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, अहिल्याबाई इथूनच राज्य करत होत्या. त्यांची राजधानी महेश्वरला होती. इंदूर राजधानी झालं ते १८१८ मध्ये इंग्रजांशी झालेल्या मंदसौरच्या तहानंतर, म्हणजे त्या गेल्यावर २३ वर्षांनी. २० मे २०२५ ला मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाची बैठक राजवाड्यात भरली, तीही त्यांच्या ३०० व्या जयंतीच्या निमित्ताने. मान त्यांना मिळालाच पाहिजे. पण चौकाच्या गोष्टीत तात्या जोग किंवा होळकरांच्या राणी कृष्णाबाई यांना कुणी ओळीभरही जागा देत नाही. शेजारचं गोपाळ मंदिर कृष्णाबाईंनी १८३२ मध्ये बांधलं. किती पर्यटक आत जातात?

ओट्यामागचा
आमचं सराफ्यात दुकान आहे, म्हणून थोडं कडू बोलतो. खजुरीबाजारवाले रात्री खाऊन घरी जातात. सकाळी ओट्यावरचं तेल आम्ही धुतो. आधी मोजके हलवाई आणि चाटवाले होते, त्यांची नावं आजोबांना पाठ होती. आता मोमो, पिझ्झा, पेटतं पान. अरुंद गल्लीत गॅस सिलिंडरांची रांग आणि वर विजेच्या तारांचं जाळं. अग्निशमनाची गाडी शिरणार कुठून? १८०१ ची आग कुणी लावली, याने आजचा सिलिंडर थंड होत नाही.

खजुरीबाजारवाला
सिलिंडरांवर बंधन घाला, संख्या ठरवा, मी कुठे नाही म्हणतोय? पण ‘पारंपरिक’ कोण ठरवणार? ओट्याचं भाडं घेताना मोमो चालतात, तक्रार करताना परंपरा आठवते.

ओट्यामागचा
सगळेच भाडं घेत नाहीत. आम्ही घेत नाही.

दगडविटा
बाजार दरबारामुळे आला, मान्य. पण दरबाराच्या काळात हातगाड्या होत्या, पार्किंगला जागा शोधणाऱ्या एसयूव्ही नव्हत्या. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक घ्या. टँकरमधून रंगाचे फवारे इमारतींच्या वरच्या मजल्यांपर्यंत उडतात, आणि राजवाड्याचा दर्शनी भाग प्लास्टिकने झाकून घ्यावा लागतो. ज्या इमारतीसाठी लोक जमतात तीच त्या दिवशी गुंडाळलेली!

खजुरीबाजारवाला
लोक इमारतीसाठी जमत नाहीत, गेरसाठी जमतात. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे सजवलेले चालते देखावे निघतात, तेव्हाही तेच. हुकुमचंद मिल १९९१ पासून बंद आहे, तिची झाँकी तरी निघते. कामगारांना रात्रभर रस्ता मिळतो तो याच चौकामुळे. इमारत झाका, धुवा, काहीही करा. दिवस तेवढा सोडा.

पुण्याचा पाहुणा
बाहेरचा आहे, तरी बोलतो. आमच्या शनिवारवाड्यापुढे पटांगण मोकळं आहे. संध्याकाळी माणसं येतात, बसतात, पण आत पाहायला मुख्यतः जोती आणि तट, कारण १८२८ च्या आगीत वाडा गेला. तुमच्याकडे दर्शनी भाग निम्मा लाकडी असून उभा आहे आणि पुढे बाजारही जिवंत आहे. दोन्ही एकत्र असणं दुर्मिळ. म्हणून माझं मत दोघांच्याही विरोधात: गाड्या काढा, गाडे ठेवा. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून (होळकरांच्या समाध्या) राजवाडा, गोपाळ मंदिर, सराफा आणि इतवारियातलं काच मंदिर एवढा टप्पा पायी करता आला तर पर्यटक अर्ध्या तासात सेल्फी काढून पळणार नाही. मी स्वतः छत्र्या रिक्षातूनच पाहिल्या, चालायची हिंमत झाली नाही.

ओट्यामागचा
पायी? लग्नाचे दागिने घ्यायला अख्खं कुटुंब येतं, त्यात आजी असते. ती लांब गाडी लावून चालत येणार नाही, मॉलमधल्या शोरूममध्ये जाईल. आमचं गिऱ्हाईक गेलं की ओटेही जातील आणि तुमचा जलेबाही.

नर्मदाकाठ
आजीसाठी बॅटरीवर चालणारी छोटी गाडी ठेवता येते. मालाच्या टेंपोंना पहाटेची वेळ देता येते. यात अशक्य असं काही नाही.

दगडविटा
चला, निदान गाड्यांवर तिघं एका बाजूला. मग एखाद्या रविवारी सकाळी प्रयोग करून बघू.

ओट्यामागचा
रविवारी सकाळी चौक तसाही अर्धा झोपलेला असतो. प्रयोग करायचा तर धनत्रयोदशीच्या आठवड्यात करा.