ड्रोन पुढे झुकतोय, बॅलन्स कसा करू?

ठाणेकर_उडाणटप्पू: ४५० मिमीची फ्रेम, पार्ट्स लॅमिंग्टन रोडवरून एकेक करून जमवले. परवा पुढे कॅमेरा लावला आणि तेव्हापासून टेकऑफलाच पुढे ओढतोय, लँड केल्यावर पुढच्या दोन मोटर्स हाताला चटका बसेल एवढ्या गरम, मागच्या मात्र कोमट. मागे वजन बांधू का?

जुना_सोल्डर: अरे वजन अजिबात वाढवू नकोस, बॅटरी मागे सरकव ना. कॅमेरा समजा ६० ग्रॅम, मधल्यापासून १२ सेंमी पुढे, म्हणजे ६० × १२ = ७२०. तुझी बॅटरी १८० ग्रॅमची असेल तर ४ सेंमी मागे सरकवली की मागेही १८० × ४ = ७२०, हिशोब मिटला. मग प्रॉप्स (पंखे) काढून, बॅटरी जागेवर बांधूनच, दोन बोटांवर बरोबर मध्ये उचलून बघ, नाक खाली गेलं तर अजून सरकव.

पार्लेकर७: आणि स्ट्रॅप घट्ट बांध रे, माझी बॅटरी हवेतच सरकली होती, दोन प्रॉप गेले 😭 उडवायच्या आधी डिजिटल स्कायचा (ड्रोनसाठीची सरकारी साइट) नकाशा बघ, मुंबईत एअरपोर्टमुळे कुठे उडवता येतं, कुठे नाही या झोनची भानगड आहे.

ठाणेकर_उडाणटप्पू: साडेतीन सेंमीलाच सरळ झाला! आईने विचारलं, पंखा बोटावर काय नाचवतोयस