घरातला बल्ब बदलला तर गोदावरीतल्या माशांना काय फरक पडतो?

गोदाकाठची_लेक:
आमचं गाव सोनपेठ तालुक्यात, खडका बंधाऱ्याजवळ. आमचे आण्णा भोई, आयुष्यभर जाळं टाकलं. २०१३च्या उन्हाळ्यात डोहात गुडघाभर पाणी उरलं होतं. कटला, रोहू पहाटे तोंड वर काढून तडफडायचे, सकाळी पांढरं पोट वर. मरळ तेवढी चिखलातही तग धरून होती, तिला वरची हवा घेता येते.
आता लेकरू शाळेतून ऐकून आलंय की एलईडी लावले की मासे वाचतात. आण्णा म्हणतात, दिव्याचा अन् मासोळीचा काय संबंध? घरात ६० वॅटचे चार पिवळे बल्ब आहेत, गोठ्यात एक. खरा हिशोब कुणी सांगेल का? शिवाय बंद पडलेल्या सात-आठ सीएफएल पोत्यात आहेत, सासूबाई म्हणतात नाल्यात टाकून दे.

परळीकर_काका:
ताई, मी परळीच्या औष्णिक वीज केंद्रात पाण्याच्या विभागात ३१ वर्षं काढली. तुमच्या खडक्याचंच पाणी आमच्याकडे यायचं. कोळसा जाळून वाफ करायची, वाफेनं टर्बाइन फिरवायचं, मग त्या वाफेचं परत पाणी करायला थंड पाणी फिरवायचं. ते गरम झालेलं पाणी कूलिंग टॉवरवर जातं आणि त्यातलं बरंच हवेत उडतं. टॉवरवर जो पांढरा ढग दिसतो ना, लोक त्याला धूर म्हणतात. तो धूर नाही, नदीचं पाणी आहे. उडालं तेवढं रोज नव्यानं आणावं लागतं. फेब्रुवारी २०१३मध्ये पाण्यावाचून परळीचे सगळे संच बंद पडले, ते याचमुळे.
आता हिशोब. टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांना २०१५च्या केंद्रीय नियमानं युनिटमागे जास्तीत जास्त साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली. तुमचे पाच बल्ब रोज पाच तास जळाले तर दीड युनिट. तेवढाच उजेड देणारे ९ वॅटचे एलईडी लावले तर पाव युनिटही नाही. वर्षाला साधारण ४६५ युनिट वाचतात, म्हणजे १,६०० लिटरच्या आसपास पाणी आणि तीनेकशे किलो कोळसा.
खरं सांगतो, एवढं पाणी पाच एचपीची मोटर काही मिनिटांत उपसते. तुमची वीज परळीचीच असेल असंही नाही, तारा सगळ्या एकमेकींत जोडलेल्या. पण ४०० उंबऱ्यांचं गाव धरा, साडेसहा लाख लिटर होतात. उन्हाळ्यातल्या डोहाला ते कमी नाही.

रसायनवाले_सर, अंबाजोगाई:
काकांनी पाण्याचं सांगितलं, मला कोळशाची जास्त काळजी वाटते. कोळशात अगदी थोडा पारा असतो. तो चिमणीतून वर जातो, पावसाबरोबर तळ्या-नद्यांत उतरतो. गाळातले जिवाणू त्याचं मिथिल पारा नावाचं विष करतात. ते किड्यांतून छोट्या माशांत आणि तिथून मोठ्या माशांत साठत जातं. म्हणून दुसरे मासे खाऊन जगणाऱ्या मरळ, वाम यांच्यात ते सगळ्यात जास्त. जपानमधल्या मिनामाता इथं १९५६मध्ये याच विषाचे रोगी समोर आले. तिथला पारा कारखान्याच्या सांडपाण्यातला होता, पण माणसापर्यंत पोचला तो मासळीतूनच.
ताई, सीएफएल नाल्यात अजिबात टाकू नका. एकेकीत तीन ते पाच मिलिग्रॅम पारा असतो आणि तुमचा नाला शेवटी गोदावरीलाच मिळतो. कागदात गुंडाळून खोक्यात ठेवा, तालुक्याला किंवा परभणीला ई-कचरा घेतात तिथं द्या. एलईडीत पारा नसतो, तरी तोही उकिरड्यावर नको.

नाथसागर_पैठण:
एक राहिलं. उजेड पाण्यावर पाडू नका. आमच्या वस्तीवर जलाशयाकडं तोंड करून हॅलोजन होता. पाण्यातले बारीक जीव रात्री अंधारात वर येऊन शेवाळ खातात, उजेड असला की खालीच राहतात, मग शेवाळ तसंच उरतं. आम्ही तिथं कमी वॅटचा पिवळसर एलईडी लावला, वर पत्र्याची टोपी, तोंड जमिनीकडं. दहानंतर तोही बंद.

गोदाकाठची_लेक:
आण्णांना सगळं वाचून दाखवलं. वैजनाथाला जाताना तो ढग त्यांनी कितीदा पाहिला, धूरच समजायचे. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, गोठ्यातला आधी बदल, तो रातभर जळतो. काका, म्हणजे तुमच्या हिशोबापेक्षा जास्तच वाचेल.
सर, पोत्यातली एक सीएफएल फुटलेली निघाली. काय करू?

रसायनवाले_सर, अंबाजोगाई:
लेकरांना लांब ठेवा, दारं-खिडक्या उघडा. झाडू मारू नका. काचा जाड पुठ्ठ्यानं गोळा करा, बारीक भुकटी ओल्या कागदानं टिपा. सगळं, पोत्यासकट, झाकणाच्या बरणीत किंवा घट्ट बांधलेल्या जाड पिशवीत ठेवा. हात धुवा, पण तो कागद मोरीत टाकू नका.