‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’ गटात कशी घ्यावी?

जुळे सोलापूर: वाचन गटात ही कादंबरी घेतोय. मधल्या भागात लोक गळतात म्हणे. काय करावं?

होटगी रोड: वॉल्टर मिलर यांच्या तीन दीर्घकथा १९५५ ते ५७ दरम्यान मासिकात आल्या, मग नव्याने लिहून जोडल्या. भागाभागांत सुमारे सहाशे वर्षं उलटतात, कथेतला ख्रिस्ती मठ तेवढा तोच. आधीची पात्रं शोधत बसलं की माणूस गळतो. एका बैठकीला एकच भाग घ्या. लॅटिनवर अडू नका. किराणामालाची चिठ्ठी मात्र मोठ्याने वाचाच. अणुयुद्धानंतर साधू ती पोथीसारखी जपतात!

सात रस्ता: सुरुवातीची परीक्षणं संमिश्र होती, तरी १९६१चा ह्यूगो हा विज्ञानकथांचा पुरस्कार मिळाला. निव्वळ ‘धर्म विरुद्ध विज्ञान’ असं वाचणं मला तोकडं वाटतं. शेवटच्या भागातला इच्छामरणाचा वाद आधी घ्या, चर्चा तिथेच पेटते.