नातवंडांच्या टबातलं पाणी ताकासारखं झालंय, निवळेल का?

सावद्याची आजी

नमस्कार मंडळी. आखाजीला लेक आणि दोन्ही नातवंडं पुण्याहून आली आहेत. जावयांनी येताना तो नळ्यांच्या सांगाड्यावर ताणायचा पोहायचा टब आणला. दहा फूट व्यास, अडीच फूट उंची. मागच्या अंगणात कडूनिंबाखाली मांडला, बोअरचं पाणी सोडलं, भरता भरता दुपार गेली. पहिल्या दिवशी तळाची निळी नक्षी वरून मोजावी अशी दिसत होती. दुसऱ्या दिवशी गल्लीतली पाच-सहा पोरं जमली, मग विचारूच नका. फुफाट्यातले पाय, डोक्याला चोपडलेलं खोबरेल आणि वरून कडूनिंबाच्या काड्या.

तिसऱ्या दिवशी पाणी जरा मंद वाटलं म्हणून मी, विहिरीत टाकतात तशी, ब्लीचिंग पावडर टाकली. अर्ध्या किलोची पुडी होती, सगळी वरूनच भुरभुरली. अर्ध्या तासात टबभर ताक! कोपरापर्यंत हात घातला तर बोटं दिसेनात. तळाशी पांढरा साका आहे, बोटाला रांगोळीसारखा खरखरीत लागतो.

सोबत एक छोटा पंप आलाय, त्यात घड्या घातलेल्या कागदाचा फिल्टर. तो रोज सकाळी अर्धा तास लावते. लेक म्हणते, ओतून दे आणि नवीन भर. तिला काय जातंय म्हणायला! बोअर साडेचारशे फूट खाली, आणि वैशाखात केळीचं पाणी तोडून दुसऱ्यांदा टब भरला तर घरात यांचं तोंड बघवणार नाही. पाणी न फेकता काही होईल का?

लोको भुसावळ

तुरटी फिरवा की. पावसाळ्यात तापीचं गढूळ पाणी आलं की आमची आई माठात तुरटी चार वेळा फिरवायची, सकाळी पाणी काचेसारखं. शेवग्याच्या बिया कुटून टाकल्या तरी चालतं.

केळीवाला रावेर

आजी, तुरटी आज नको. आधी एक करा. काचेचा ग्लास टबातल्या पाण्याने भरा, त्यात अर्धं लिंबू पिळा आणि चमच्याने हलवा. पाणी डोळ्यांदेखत निवळलं तर तो चुना आहे. तसंच राहिलं तर माती किंवा शेवाळ, मग लोको भाऊंची तुरटी.

माझा अंदाज चुन्याचा आहे. तुमच्याकडे पाणी तापवायच्या रॉडवर पांढरा थर बसत असेलच. आपल्या रावेर-यावल पट्ट्यात बोअर जितकी खोल जाते तितकं पाणी जड लागतं. तो क्षार विरघळलेला असतो तोवर दिसत नाही. ब्लीचिंग पावडर स्वतःच चुन्याच्या घरची. ती पडली की पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा, चढतो आणि विरघळलेला क्षार खडूच्या पिठासारखा बाहेर पडतो. ड्रिपच्या नळीची छिद्रं पांढरी होऊन बुजतात ना, तोच आजार. तिथे आपण ॲसिड सोडतो, इथेही इलाज तोच, फक्त चहाच्या कपाच्या मापाने.

दुसरं, पावडर भलतीच झाली. दहा फुटी टबात दोन फूट पाणी म्हणजे साधारण 4,400 लिटर. चांगल्या पावडरीत 30 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. एवढ्या पाण्याला 30 ग्रॅम पुष्कळ झाली असती, तुम्ही 500 टाकली. पोरांना दोन दिवस जवळ फिरकू देऊ नका. आणि पुढच्या वेळी कोरडी भुरभुरायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत कालवायची, अर्धा तास ठेवायची, वरची निवळी तेवढी टबात, खालचा चोथा बाहेर.

सावद्याची आजी

केळीवाले भाऊ, आत्ताच ग्लास करून पाहिला. लिंबू पिळलं आणि जादूच! आधी बुडबुडे, मग कडेकडेने पाणी उघडत गेलं. ग्लासातून पलीकडच्या कॅलेंडरवरची तारीख वाचता आली. नातू म्हणतोय, टबात किती लिंबं लागतील? आत्ता लिंबाचा भाव काय चाललाय ते त्याला सांगितलं.

पण ॲसिडची भीती वाटते. गोठ्याच्या फळीवर ड्रिपचा कॅन आहे, त्याच्या शेजारीच ब्लीचिंगची दुसरी पुडी.

नाना धुळेकर

आक्का, ती पुडी आधी तिथून हलवा! वाचून उठा, हलवून या, मग पुढचं वाचा. ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीनचा वायू सुटतो, बंद खोलीत जीव जाऊ शकतो. मी बरीच वर्षं एका तरण तलावावर पाण्याचं काम पाहिलं. तिथे ही दोन कधी एका खोलीत ठेवली नाहीत, मापाचं भांडंसुद्धा वेगळं. क्लोरीनच्या पांढऱ्या गोळ्या मिळतात, टीसीसीएच्या, त्याही ब्लीचिंगमध्ये मिसळायच्या नाहीत, पेट घेतात.

बाकी घाबरानं काम नई. दोन बाटल्यांचं तपासणी किट मागवा. एकीचे थेंब टाकल्यावर पाणी फिकट पिवळं आलं तर क्लोरीन ठीक, नारिंगी आलं तर फार झालं. ते उन्हाने आपोआप उतरतं. आपल्याकडचं वैशाखातलं ऊन म्हणजे दोन-तीन दिवसांत काम फत्ते, कडूनिंबाच्या सावलीमुळे एखादा दिवस जास्त धरा. उतरल्याशिवाय ॲसिडला हात लावू नका. दुसऱ्या बाटलीने पीएच पाहा. 7.2 ते 7.6 हवा. तुमचा गडद लाल येणार, म्हणजे आठच्या वर.

मग संध्याकाळी, पोरं घरात असताना, हातमोजे आणि चष्मा घालून: बादलीभर पाणी घ्या, त्यात 50 मिली ॲसिड सोडा. ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडात कधीच नाही. पंप चालू ठेवून टबाच्या मधोमध गोल फिरवत ओता. कडेला ओतलं तर कापड आणि नळ्या खराब होतात. सकाळी पुन्हा तपासा. जड पाण्यात पीएच हट्टी असतो, तीन-चार खेपा लागतील. एकदम पाव लिटर ओतायचा मोह आवरा.

आणि अर्धा तास पंप म्हणजे काहीच नाही. हे छोटे पंप तासाला हजार-बाराशे लिटर पाणी फिरवतात. सगळं पाणी एकदा फिरायलाच चार तास लागतात. निदान आठ तास चालवा, आणि फिल्टर रोज काढून एकेक घडी उघडून पाईपच्या धारेखाली धुवा. धुताना दूध निघेल, तोच तुमचा चुना.

लोको भाऊंची तुरटी चुकीची नाही, फक्त तिचा नंबर शेवटी. पीएच चढलेला असताना तुरटीचा गोळा नीट धरत नाही. शेवग्याच्या बिया माठात ठीक, टबात मात्र बियांचा उरलेला चोथा सगळं क्लोरीन खाऊन टाकतो.

लोको भुसावळ

मान्य, नाना. माठाचा हिशोब टबाला लावला.

सावद्याची आजी

दहा दिवसांनी लिहितेय. पुडी त्याच दिवशी हलवली. ॲसिडच्या चार खेपा झाल्या, 50-50 मिलीच्या. पहिल्या दोन खेपांत काहीच फरक नाही, मला वाटलं नाना चुकले. तिसऱ्या सकाळी बोटं दिसली, चौथ्या सकाळी पाण्याखाली बांगडीवरची नक्षी. नुसती धुकट छटा राहिली होती. तिच्यासाठी पंप बंद करून रात्री शंभर ग्रॅम तुरटी बादलीत विरघळवून टाकली. पहाटे तळाशी कापसासारखा थर. तो ढवळू न देता ड्रिपच्या जुन्या नळीने सायफन लावून बाहेर काढला. नळी आधी पाण्याने भरून घेतली, तोंडाने ओढली नाही. दोन-तीन बादल्याच पाणी गेलं, ते रस्त्यावरच्या धुळीवर मारलं. मग पीएच आणि क्लोरीन पुन्हा पाहिलं, दोन्ही रंग बरोबर आले तेव्हाच पोरांना परवानगी.

काल नातवाने तळाशी रुपया टाकला आणि वरून त्यावरचं साल वाचून दाखवलं.

आता टबाच्या तोंडाशी पाय धुवायची बादली ठेवली आहे. तेल लावून कोणी उतरायचं नाही, आणि मोठं माणूस खाटेवर बसलेलं असल्याशिवाय तर नाहीच. जावयांनाही पाय धुवायला लावले. लेक बघत राहिली.

केळीवाला रावेर

आजी, लेक सासरी गेल्यावर टबातलं पाणी केळीला सोडाल ना? दोन-तीन दिवस क्लोरीन न टाकता उन्हात राहू द्या, मग बिनधास्त.

सावद्याची आजी

यांनी नळी आत्ताच जोडून ठेवली आहे.